भोवतालचा आवाज आणि दोन कान

संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळात शत्रू दिसण्याआधी ऐकू येतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हॅलोरंट’मध्ये भिंतीपलीकडची पावले, वरच्या मजल्यावरची हालचाल, पाठीमागे बंदुकीत गोळ्या भरल्याचा खटका यांवरूनच खेळाडू कुठे वळायचे ते ठरवतो. आवाज कोणत्या बाजूने आणि किती अंतरावरून आला हे नेमके कळावे म्हणून बाजारात साउंड कार्डे, अॅम्प्लिफायर आणि ‘७.१ सराउंड’ असे ठळकपणे छापलेले हेडसेट विकायला असतात. यातले खरोखर लागते काय आणि पैसे वाया जातात कशावर, हे समजून घ्यायचे तर सुरुवात कानापासून करावी लागते.

माणसाच्या दोन कानांत साधारण सतरा-अठरा सेंटिमीटर अंतर असते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्या कानाला किंचित नंतर. हा फरक जास्तीत जास्त म्हणजे एका सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भाग, पण मेंदू तो अचूक टिपतो. शिवाय मध्ये डोके आडवे येत असल्याने दूरच्या कानाला आवाज थोडा क्षीण ऐकू येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १९०७ साली या दोन्ही खुणांची सांगड घातली. खालच्या पट्टीतल्या आवाजांची दिशा मेंदू मुख्यतः वेळेच्या फरकावरून ओळखतो, तर वरच्या पट्टीतल्या आवाजांची तीव्रतेच्या फरकावरून. साधारण १५०० हर्ट्झच्या आसपास एक खूण मागे पडते आणि दुसरी पुढे येते.

एवढ्याने डावे-उजवे कळते, पुढचे-मागचे नाही. नाकासमोरचा आवाज आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतात. इथे कानाची पाळी कामाला येते. तिच्या वळ्यांवर आपटून आत शिरताना वरच्या पट्टीतल्या आवाजाचे काही भाग दबतात, काही उठून येतात. पुढून, मागून, वरून आलेल्या आवाजांवर हा संस्कार वेगवेगळा होतो आणि त्याची ओळख मेंदूला लहानपणापासून पटलेली असते. तरीही शंका राहिली तर माणूस नकळत मान वळवतो. म्हणजे दिशेची सगळी माहिती अखेर दोनच कानांच्या पडद्यांवर येऊन पोचते. त्या दोन पडद्यांवर योग्य तो बदल केलेला आवाज पोचवता आला, तर भोवती आठ स्पीकर मांडण्याची गरजच उरत नाही.

डोके, खांदे आणि पाळी मिळून आवाजात जो बदल घडवतात, त्याच्या गणिताला अभियंते एचआरटीएफ म्हणतात. तो मोजण्यासाठी कानांच्या जागी माइक बसवलेला पुतळा वापरतात आणि त्याच्याभोवती शेकडो दिशांनी आवाज सोडून नोंदी घेतात. अमेरिकेतल्या एमआयटीने ‘केमार’ नावाच्या अशा पुतळ्यावरची मोजमापे १९९४ साली सर्वांसाठी खुली केली. खेळातल्या प्रत्येक आवाजाची जागा संगणकाला ठाऊकच असते. त्या जागेनुसार हे गणित लावले की साध्या दोन वाहिन्यांच्या हेडफोनमध्येही पाठीमागची पावले पाठीमागे ऐकू येतात. अडचण एकच आहे. प्रत्येकाची पाळी वेगळी असते, म्हणून पुतळ्यावरून घेतलेले गणित कोणाला चपखल बसते तर कोणाला समोरचा आवाज मागचा वाटतो. महाग यंत्र घेऊन हा दोष जात नाही. पर्यायी सेटिंग निवडून आणि काही आठवड्यांच्या सवयीने तो बराच कमी होतो.

दिशेचा हा हिशोब एकेकाळी खरोखर साउंड कार्डाचे काम होता. १९८७ साली कॅनडातल्या अॅडलिबने संगणकाला संगीत दिले, तर १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरने ध्वनिमुद्रित आवाजही ऐकवला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ऑरियल या अमेरिकी कंपनीने ए-थ्री-डी हे तंत्र आणले. खेळातल्या भिंती, छत आणि फरशी यांवरून आवाज कसा परतेल याचा हिशोब तिचे कार्ड त्या त्या क्षणी करत असे. क्रिएटिव्हच्या ईएएक्सचा भर जागेच्या घुमण्यावर होता. गुहा, दालन, नळीसारखा बोळ यांचे ठरावीक घुमणे त्यात तयार असे. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवून पाहिलेल्या कोणालाही जागेचा आकार कानाने कसा कळतो हे वेगळे सांगायला नको. १९९८ साली दोन्ही कंपन्यांत पेटंटवरून खटला सुरू झाला. ऑरियल जिंकली, पण खटल्याच्या खर्चाने मोडली, आणि २००० साली तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. ध्वनीच्या क्षेत्रातली एक चांगली वाट त्यामुळे बरीच वर्षे ओस पडली.

पुढचा घाव २००७च्या जानेवारीत बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने घातला. खेळाने आवाजाचे काम थेट कार्डाकडे सोपवण्याची जी सोय विंडोजमध्ये होती, ती व्हिस्टात काढून टाकली गेली. तोवर प्रोसेसर इतके वेगवान झाले होते की हे गणित त्यांना सहज पेलू लागले. तेव्हापासून आवाज कुठून येतो हे ठरवणे हे सॉफ्टवेअरचे, आणि बहुतेक वेळा खुद्द खेळाचेच काम आहे. ‘ओव्हरवॉच’मध्ये २०१६ साली हेडफोनसाठीचे डॉल्बी अॅटमॉस अंगभूत आले, ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये त्याच वर्षी एचआरटीएफ आले, आणि ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२१ साली. हे सगळे मदरबोर्डवरच्या साध्या चिपवरही तेवढेच चांगले चालते. ‘सराउंडसाठी साउंड कार्ड लागते’ हे वाक्य २००५ साली खरे होते. दुकानात ते अजून ऐकू येते.

५.१ आणि ७.१ हे आकडे स्पीकरच्या मांडणीचे आहेत. ५.१ म्हणजे समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर. ७.१मध्ये बाजूचे दोन वाढतात. हेडफोनवर ‘७.१’ छापलेले असते तेव्हा बहुतेक वेळा आत प्रत्येक कानाला एकच ध्वनिपटल असते. खेळ सात स्पीकरसाठी आवाज पाठवतो आणि सोबतचे सॉफ्टवेअर त्या सात काल्पनिक स्पीकरांना एचआरटीएफ लावून दोन वाहिन्यांत बसवते. यात फसवणूक नाही, पण हेच काम विंडोज १० आणि ११मधले ‘विंडोज सॉनिक’ फुकट करते, आणि डॉल्बी अॅटमॉस किंवा डीटीएसची सोय एकदा पैसे भरून कोणत्याही हेडफोनवर घेता येते. प्रत्येक कानात खरोखर चार-पाच छोटी ध्वनिपटले बसवलेले हेडसेटही निघाले. रेझरचा २०१२चा टियामॅट ७.१ हा त्यातला गाजलेला. कानाला चिकटलेली पाच छोटी पटले पाळीला दूरच्या स्पीकरचा भास देऊ शकत नाहीत, आणि लहान पटलांचा आवाजही एका मोठ्या पटलासारखा भरीव नसतो. तो प्रकार मागे पडला ते योग्यच झाले.

खेळाचा स्वतःचा एचआरटीएफ चालू असताना विंडोज सॉनिक, डॉल्बी किंवा हेडसेटचे ७.१ बटण बंद ठेवलेच पाहिजे. नाहीतर एकदा दिशा दिलेल्या आवाजावर पुन्हा दिशेचा संस्कार होतो आणि सगळा आवाज डब्यात कोंडल्यासारखा, दिशाहीन होतो. ‘सराउंड लावल्यावर उलट कमी कळते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच उगम पावते. ज्या खेळात स्वतःची सोय नाही, त्यात मात्र विंडोजमध्ये आणि खेळात ७.१ निवडून वरीलपैकी एकच सोय चालू करावी.

आता हेडफोन. निवडीचा खरा भार त्याच्यावर आहे, कारण कानाशी प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारी वस्तू तीच. हेडफोनचे दोन मोठे वर्ग आहेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ध्वनिपटलामागे जाळी असते. आवाज आत कोंडत नाही, त्यामुळे तो डोक्याबाहेर, मोकळ्या जागेत पसरल्यासारखा वाटतो आणि दोन जवळच्या दिशांतला फरक स्पष्ट कळतो. सेनहायझरचा एचडी ५६० एस, फिलिप्सचा एसएचपी ९५००, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हे या वर्गातले खेळाडूंच्या पसंतीचे. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये कप पूर्ण झाकलेला असतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ऑडिओ-टेक्निकाचा एम ४० एक्स आणि बाजारातले बहुतेक गेमिंग हेडसेट या वर्गात येतात. परदेशी परीक्षणे वाचणारा खेळाडू सहसा उघड्या पाठीचे घ्यायच्या निर्णयाला येतो. तो निर्णय त्याच्या खोलीला लागू पडतो का, हे मात्र त्याला स्वतःच पाहावे लागते.

बऱ्हाणपूरचेच उदाहरण घेता येईल. तापीकाठचे हे जुने शहर आज मध्य प्रदेशात आहे, पण जळगाव जिल्ह्याला लागून असल्याने इथल्या बऱ्याच घरांत मराठी बोलली जाते. शहराचा मोठा व्यवसाय यंत्रमागांचा, आणि यंत्रमागाच्या शेडमधला आवाज साधारणपणे ९० डेसिबलच्या वर असतो. दर्गा-ए-हकीमीमुळे बोहरा समाजात सर्वदूर माहीत असलेला लोधीपुरा असो की शहरातला एखादा दाटीचा मोहल्ला, जिथे जवळपास माग चालतो तिथे तो भिंतीतून ऐकू येतो. त्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, खोलीत पंखा आणि कूलर सतत चालू असतात. अशा खोलीत उघड्या पाठीचा हेडफोन चढवला तर खेळातली हलकी पावले आणि कूलरची घरघर एकत्रच कानात शिरतात. मग खेळाडू आवाज वाढवतो, आणि तिथूनच कानाचे नुकसान सुरू होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या मागांच्या गावांत, किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या घरातही परिस्थिती हीच.

म्हणून अशा घरांसाठी बंद पाठीचा हेडफोनच योग्य. बसवणूक चांगली असेल तर तो मधल्या आणि वरच्या पट्टीतला गोंगाट बराच अडवतो. खालच्या पट्टीतली घरघर थोडीफार आत येतेच. आवाज कापणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन पंख्याच्या एकसुरी गुणगुणण्यावर चांगले चालतात, मागाच्या तुटक खटखटीवर कमी. त्यातले बहुतेक ब्लूटूथचे असतात, आणि ब्लूटूथची अडचण पुढे येईल. गाद्यांचाही विचार करावा. नकली चामड्याच्या गाद्या आवाज जास्त अडवतात, पण घामाने चिकटतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचे पापुद्रे सुटतात. कापडी किंवा मखमली गाद्या थंड राहतात, त्या बदल्यात थोडा खर्ज आणि थोडा अडसर कमी होतो. बदलता येणाऱ्या गाद्यांचा हेडफोन घेणे केव्हाही चांगले. चष्मा वापरणाऱ्याने मऊ, जाड गाद्यांचा हेडफोन निवडावा, कारण चष्म्याच्या काडीपाशी राहिलेल्या फटीतून खर्ज निसटतो आणि गोंगाट आत येतो. ज्याची खोली रात्री खरोखर शांत असते आणि जो एकटा खेळतो, त्याने उघड्या पाठीचा हेडफोन जरूर घ्यावा. दिशेच्या स्पष्टतेत त्याला तोड नाही.

आवाजाचा पोतही पाहिला पाहिजे. पुष्कळ गेमिंग हेडसेटमध्ये स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून खर्ज फुगवलेला असतो. हा फुगवटा पावलांच्या आवाजावर पसरतो आणि नेमकी लागणारी खूण झाकून टाकतो. पाळी दिशेची खूण वरच्या पट्टीत कोरते, त्यामुळे तिथे मोठे खड्डे असलेला हेडफोन पुढचे-मागचे गोंधळात टाकतो. संगीताच्या मिश्रणासाठी वापरले जाणारे समतोल हेडफोन म्हणूनच खेळालाही चांगले ठरतात. ‘इक्वलायझर एपीओ’ हे फुकट सॉफ्टवेअर वापरून खर्ज दोन-चार डेसिबलने उतरवला, तर साधा हेडसेटही बराच सुधारतो. कोणते खेळ खेळले जातात हाही मुद्दा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ दुरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यातून खेळला जातो. तिथे शत्रूची दिशा पडद्यावर दिसतेच, भरीव संगीत आणि वातावरण महत्त्वाचे. अशा खेळांच्या चाहत्याने खर्ज आवडत असेल तर तो खुशाल घ्यावा.

बिनतारी हेडफोनमध्ये ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साध्या ब्लूटूथवर आवाज पडद्यापेक्षा एक दशांश ते पाव सेकंद उशिरा पोचतो, आणि माइक चालू केला की आवाज एकदम टेलिफोनसारखा चपटा आणि एकाच वाहिनीचा होतो. अशा आवाजात दिशा उरतच नाही. खेळासाठी बिनतारी घ्यायचाच तर स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला घ्यावा. त्याच किमतीत तारेचा हेडफोन आवाजाला सरस मिळतो, हेही लक्षात असू द्यावे.

माइकसाठी हेडसेट सोयीचा, कारण तोंडाजवळच्या काडीवर बसवलेला माइक कूलरचा आवाज कमी पकडतो. टेबलावर दूर ठेवलेला माइक सगळी खोली मित्रांना ऐकवतो. चांगला हेडफोन आणि त्याला चिकटवायचा काडीचा माइक ही जोडीही उत्तम. हेडसेटची एकच पिन असेल आणि कॅबिनेटला हिरवे व गुलाबी असे दोन सॉकेट असतील, तर माइक आणि आवाज वेगळे करणारी छोटी वायर लागते. तिच्याअभावी ‘माइक खराब आहे’ म्हणून हेडसेट परत केले जातात.

अॅम्प्लिफायर लागतो का, हे हेडफोनच्या खोक्यावरच्या दोन आकड्यांवरून कळते. पहिला आकडा ओहमचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो. दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक मिलिवॅट शक्तीत तो किती डेसिबल आवाज देतो. खेळातला स्फोटासारखा क्षणिक आवाज न फाटता ऐकू यावा म्हणून ११० डेसिबलपर्यंतची ताकद हाताशी असली की पुरे. सततचे ऐकणे त्याच्या कितीतरी खाली असते. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते. ३२ ओहमचा आणि १०० डेसिबल संवेदनशीलतेचा हेडसेट घेतला, तर ११० डेसिबलला १० मिलिवॅट लागतात, म्हणजे जेमतेम ०.५७ व्होल्ट. मदरबोर्डचे सॉकेट साधारण एक व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक देते. अशा हेडसेटला अॅम्प लावणे म्हणजे पैसे पाण्यात.

डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती घेतली तर गणित बदलते. तिची संवेदनशीलता ९६ डेसिबल. ११० डेसिबलला सुमारे २५ मिलिवॅट लागतात आणि त्यासाठी अडीच व्होल्ट. साध्या सॉकेटवर हा हेडफोन वाजतो, पण आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवावी लागते आणि मोठे आवाज दबतात. इथे अॅम्प हवाच. उलट एचडी ५६० एस १२० ओहमचा असूनही एका व्होल्टवर ११० डेसिबल देतो, म्हणजे ओहम जास्त म्हणून अॅम्प हवाच असे नाही. तिसरा प्रकार प्लॅनर हेडफोनचा. त्यांत ओहम कमी असतात, पण संवेदनशीलताही कमी. ३२ ओहम आणि ९१ डेसिबलच्या प्लॅनरला ११० डेसिबलसाठी सुमारे ८० मिलिवॅट लागतात. व्होल्ट दीडच्या आसपास पुरतात, पण ५० मिलिअॅम्पिअर प्रवाह द्यावा लागतो, आणि छोट्या चिपा तिथे कमी पडतात.

आणखी एक आकडा खोक्यावर सहसा नसतो. तो म्हणजे सॉकेटचा स्वतःचा अडथळा. हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा तो कमी असावा असा संकेत आहे, म्हणजे ३२ ओहमला जास्तीत जास्त ४. जुन्या मदरबोर्डांवर आणि काही साउंड कार्डांवर तो कितीतरी जास्त असतो. मग कित्येक हेडफोनांचा खर्ज सैल आणि फुगीर होतो, आणि पावले पुन्हा झाकली जातात. एवढे सोडले तर अॅम्पचे काम फक्त आवाज पुरेसा मोठा आणि स्वच्छ करणे हे आहे. दिशा तो देत नाही. अॅम्प घेतल्यावर शत्रू अधिक नेमका ऐकू येऊ लागल्याचे जे अनुभव सांगितले जातात, त्यात मोठा वाटा आवाज वाढल्याचा असतो. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो.

साउंड कार्डाचा प्रश्न आता सोपा होतो. मदरबोर्डवरच्या चिपा गेल्या पंधरा वर्षांत खूप सुधारल्या. सीडीच्या १६ बिटांच्या आवाजात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात ९६ डेसिबलचे अंतर असते, आणि रिअलटेकच्या चांगल्या चिपा ते सहज गाठतात. ३८४ किलोहर्ट्झसारखे आकडे खेळाच्या कामाचे नाहीत. खेळांचा आवाज सहसा ४८ किलोहर्ट्झचा असतो, विंडोजमध्ये तेवढेच निवडावे. नवे कार्ड घ्यायचे खरे कारण एकच, ते म्हणजे खरखर. ग्राफिक्स कार्ड जोरात चालू लागले की त्याच्या विजेची बारीक शीळ मदरबोर्डच्या आवाजात मिसळते. तपासणी घरीच होते. काहीही न वाजवता आवाज अर्ध्याहून वर न्यावा आणि माउस हलवावा, एखादा जड खेळ सुरू करून त्याच्या मेन्यूत थांबावे. शीळ ऐकू आली तर आधी कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटऐवजी मागचे वापरून पाहावे, कारण पुढच्या सॉकेटची वायर सगळ्या कॅबिनेटमधून फिरत येते. कित्येकदा खर्च इथेच वाचतो.

तरीही शीळ राहिली तर कॅबिनेटच्या बाहेर बसणारे यूएसबीचे यंत्र घ्यावे. आकड्यांचे विजेत रूपांतर करणाऱ्या या यंत्राला डॅक म्हणतात. मोबाइलसाठी मिळणारा बोटाएवढा यूएसबी-सी डोंगल हाही डॅकच असतो, आणि हजार-दोन हजार रुपयांतला बरा डोंगल ३२ ओहमच्या हेडफोनला पुरतो. कॅबिनेटमध्ये बसणारी कार्डे त्याच गोंगाटाच्या शेजारी बसतात, म्हणून त्यांचा पर्याय आज दुय्यम. डॅक आणि अॅम्प एकाच डब्यात असलेली यंत्रे, जसे क्रिएटिव्हचे साउंड ब्लास्टर एक्स जी ६ किंवा फिओच्या के मालिकेतली, जड हेडफोनवाल्यांसाठी ठीक. जी ६सारख्या यंत्रांत पावले उठून दिसावीत असे ‘स्काउट मोड’ बटण असते. ते बारीक आवाज मोठे करते, पण त्याने जवळचे आणि दूरचे आवाज एकाच पातळीवर येतात आणि अंतराचा अंदाज जातो. विंडोजमधल्या ‘लाउडनेस इक्वलायझेशन’चेही तसेच.

वेगळ्या विजेवर चालणारा अॅम्प किंवा स्पीकर जोडल्यावर ‘गुंऽऽ’ असा सलग आवाज आला, तर दोष बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावावीत; न गेल्यास मधली जोडणी ऑप्टिकल वायरने करावी, तिच्यातून वीज वाहत नाही. गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिनची वरची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग नीट नाही, आणि हेडफोनच्या आधी वायरमनला बोलवायला हवे.

खरे ५.१ स्पीकर ज्यांना स्वतंत्र खोली आहे त्यांच्यासाठी. मांडणीचा आंतरराष्ट्रीय संकेत असा की पुढचे दोन मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे दोन साधारण ११० अंशांवर असावेत, भिंतीला टेकवून कुठेही नाही. मदरबोर्डला हिरवे, काळे आणि नारिंगी असे तीन सॉकेट असतील तर वेगळे कार्ड लागत नाही. एचडीएमआयमधून आठही वाहिन्या जातात. ऑप्टिकलमधून मात्र दोनच शुद्ध वाहिन्या जातात आणि ५.१साठी डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्टची सोय असावी लागते. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत रात्रीच्या खेळाला हेडफोनच बरा.

पैसे मोजके असतील तर जवळजवळ सगळे हेडफोनवर घालावेत, इंदूरच्या जेल रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो प्रत्यक्ष डोक्यावर चढवून पाहावा, आणि महिनाभर मदरबोर्डवरच वापरावा. आवाज कमी पडला किंवा शीळ ऐकू आली, तरच पुढची वस्तू घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढाला आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो, मुलांना ७५ डेसिबलचा. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो; ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या कानांनी आपला सगळा वाटा आठवड्याच्या पहिल्याच दिवशी संपवलेला असतो. त्याने शेडमध्ये कानात इअरप्लग घालावेत आणि संध्याकाळी खेळताना हेडफोनचा आवाज शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईल इतकाच ठेवावा. खेळ संपल्यावर कानात शीळ वाजत राहिली किंवा बोलणे दबके ऐकू आले, तर आवाजाची पट्टी खाली आणावी. दुसऱ्या दिवशीही ती शीळ राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी.